शाळेचा रस्ता मुलांसाठी सुरक्षित करा!

चंद्रपूर-गडचिरोलीतील पालक, शिक्षक, ग्रामसभा आणि प्रशासनाला कळकळीचे आवाहन

7 ऑगस्ट 2025 च्या पहाटे आरमोरी-गडचिरोली महामार्गावर, काटली गावाजवळ, व्यायामाला निघालेल्या सहा मुलांना ट्रकने चिरडले. चौघे दगावले. धावायला, कसरत करायला हमरस्त्याशिवाय जागा नाही, ही आपल्याकडच्या कितीतरी गावांची गत आहे.

अशी बातमी आली की घरोघरी एकच निर्णय होतो : उद्यापासून पायदळ नको, सायकल नको, ऑटो लावू. ही भीती खोटी नाही. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरीकडे वाघ आहे. घुग्घुस, राजुरा, बल्लारपूरकडे कोळशाचे हायवा आहेत. आलापल्ली-आष्टी मार्गावर सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आहेत. डांबराची कड संपते तिथे वीतभर खोल उतार असतो. मागून हॉर्न वाजला की आठवीतली मुलगी सायकल खाली घालते, चाक मुरमात घसरते आणि धूळ खाली बसेपर्यंत ती हँडल धरून तिथेच उभी राहते.

पण मुलांचे चालणे बंद करणे हा त्यावर इलाज नव्हे. 5 ते 17 वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरदार हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात 11 ते 17 वयाच्या दर पाचपैकी चार मुलांची तेवढी हालचाल होत नसल्याचे दिसले. मुलींची स्थिती आणखी वाईट होती. ‘आमची मुले जंगलातली, काटकच असतात’ या भ्रमात राहू नका. शाळा तीन किलोमीटरवर असेल, तर जाण्या-येण्यातच तासाभराहून अधिक चालणे होते. ते थांबले की त्याची जागा मोबाइल घेतो. वयात आलेल्या मुलीला तर मैदानही उरत नाही. शाळेची सायकल हीच तिची मोकळीक.

याच मातीतल्या, चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतल्या पाच विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्ट सर केले. मुलांत बळ आहे. त्यांना रस्ता हवा आहे.

म्हणून आमची हात जोडून विनंती :

पालकांनो, जवळची शाळा असेल तर मुलांना चालत आणि लांबची असेल तर सायकलने पाठवा, मात्र एकटे नको. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती मोटरसायकल देऊ नका. त्याने गुन्हा केला तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावकऱ्यांनो, वाडी-टोल्यावरची मुले एका जथ्याने निघू द्या. पुढे एक आणि मागे एक मोठे माणूस असावे. पाळी लावून घ्या. वाघाचे ठसे दिसले तर वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा आणि त्या दिवशी पायदळ-सायकल बंद ठेवा. इथे धाडस दाखवायचे नाही.

शिक्षकांनो, जादा तास असे ठेवा की मूल दिवस मावळायच्या आत घरी पोहोचेल. खेळाचा तास गणिताला देऊ नका. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पंचर होऊन पडवीत पडलेल्या सायकली शोधा. महिन्यातून एकदा मेकॅनिकला शाळेत बोलवा. ब्रेक आणि मागचा लाल रिफ्लेक्टर आधी तपासा.

प्रशासनाने शाळा भरताना-सुटताना शाळेच्या रस्त्यावर अवजड वाहने थांबवावीत. साइडपट्ट्या भराव्यात, गतिरोधक बसवावेत, रस्त्याकडेची झुडपे तोडावीत आणि हमरस्ता टाळून शाळेकडे जाणारे पांदण रस्ते दुरुस्त करावेत. प्रत्येक गावाला धावण्यापुरते मैदान द्यावे.

हे आपोआप होणार नाही. 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारीच्या ग्रामसभेची वाट पाहू नका. विशेष ग्रामसभा मागा. शाळेच्या रस्त्यावरची धोक्याची ठिकाणे मुलांकडूनच विचारून घ्या, एकेक ठिकाण ठरावात लिहा. ठरावाची प्रत तहसीलदार, बांधकाम विभाग, पोलीस ठाणे आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात याच आठवड्यात द्या, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परतू नका.