खड्डा खणण्याआधी जरा खाली बसा!

सेकंड इयरला असतानाची गोष्ट. जुलै महिना, रविवार. एनएसएसच्या वृक्षारोपणासाठी आमची बस शिरूर तालुक्यातल्या एका माळावर थांबली. कुदळी, रोपं, बॅनर, वडापावची पाकिटं, सगळी तयारी जय्यत. दुपारपर्यंत आम्ही धडाधड खड्डे खणले. हाताला फोड आले, ग्रुप फोटो झाले, रीलही झालं.

मेंढरं घेऊन आलेले एक आबा काठीला टेकून हे सगळं बघत होते. शेवटी मला म्हणाले, "पोरी, गवात चांगलं आलंय की. ते उकरून काय लावताय?"

मी म्हणाले, "झाडं लावतोय आबा. माळ पडीकच आहे ना नाहीतरी."

आबा हसले. "पडीक? जरा खाली बस. कोन कोन ऱ्हातंय त्ये बघ."

दमले होतेच, बसले. दोन मिनिटांत माझ्या बुटावर मातीच्या रंगाचा एक नाकतोडा येऊन बसला. पाठीवर पंखच नव्हते. बोटानं ढोसलं तर वीतभर उडी मारून गवतात गेला. तिथून तो कुठं गेला असेल? फार तर पुढच्या खड्ड्यापर्यंत. आणि पुढचा खड्डा मीच खणलेला होता!

घरी आल्यावर शोधाशोध केली, तेव्हा कळलं की माझा पाहुणा बहुतेक पिल्लू असणार. नाकतोड्याची पिल्लं सुरुवातीला बिनपंखीच असतात. चार-पाच वेळा कात टाकल्यावर बहुतेकांना पूर्ण पंख येतात. बहुतेकांना, सगळ्यांना नाही. काही जाती म्हाताऱ्या झाल्या तरी उडत नाहीत, आणि त्यातली एक आपल्या दख्खनचीच आहे. तिचं इंग्रजी नावच 'दख्खनचा बिनपंखी नाकतोडा' असं आहे. शास्त्रीय नाव कोलेमानिया स्फेनॅरिऑइड्स. १९१० मध्ये बोलिव्हार या स्पॅनिश कीटकशास्त्रज्ञानं तिला हे नाव दिलं, तेही तेव्हाच्या म्हैसूर संस्थानात कृषिशास्त्रज्ञ असलेल्या लेस्ली कोलमन यांच्यावरून. ज्वारी हे तिचं आवडतं खाणं, म्हणून शेतकऱ्याच्या वहीत ती 'कीड' आहे. वर्षाला एकच पिढी. अंडी जमिनीत, आणि पाऊस पडला की पिल्लं बाहेर.

पंख सोडले कशासाठी?

आपल्याला वाटतं उत्क्रांती म्हणजे प्रमोशन. आधी सरपटायचं, मग चालायचं, मग उडायचं. पण निसर्गात असं 'करिअर' नसतं. पंख आणि ते हलवणारे स्नायू बाळगायला खूप ऊर्जा लागते. राहायची जागा वर्षानुवर्षं टिकून असेल, खायला तिथंच मिळत असेल, तर तीच ऊर्जा मादीला अंड्यांसाठी वापरता येते. शिवाय डोंगरमाथ्यावर वारा आणि गारठा असतो. तिथं उडायला गेलेला किडा भरकटून भलतीकडेच पडू शकतो. डार्विननंही हे हेरलं होतं. मदीरा बेटांवर तेव्हा माहीत असलेल्या भुंगेऱ्यांच्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नव्हतं, याचा उल्लेख १८५९ च्या त्याच्या पुस्तकात आहे. वाऱ्यानं समुद्रात फेकले जाण्यापेक्षा न उडणारेच वाचले असावेत, असा त्याचा अंदाज होता.

डोंगरमाथासुद्धा एक बेटच असतो. आजूबाजूला पाण्याऐवजी दरी असते, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियाच्या बर्फाळ डोंगरांवर एक न उडणारा नाकतोडा आहे. पारा २५ अंशांच्या वर गेला की त्याचा नर निळा होतो आणि थंडी पडली की पुन्हा काळपट. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतातल्या नाकतोड्यांवर लेसी नोल्स या संशोधिकेनं काम केलंय. हिमयुगात थंडी वाढली की हे किडे खाली उतरले, ऊब आली की पुन्हा वर गेले, आणि प्रत्येक वेळी वेगवेगळ्या माथ्यांवर अडकून पडले. या माथ्यावरचे त्या माथ्यावरच्यांना भेटणार कसे? भेट नाही म्हणजे संकर नाही. मग पिढ्यान्‌पिढ्या रंगात, आकारात, नराच्या जननेंद्रियांच्या रचनेत थोडा थोडा फरक पडत जातो. शेवटी एका जातीच्या दोन होतात.

म्हणजे, ज्याला उडता येत नाही, त्याच्याकडूनच विविधता तयार होते. आणि तोच सगळ्यात आधी संपू शकतो, कारण त्याच्याकडे 'प्लॅन बी' नसतो. २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरकडे टोळधाड आली, तेव्हा टोळ एक शेत खाऊन पुढच्या शेतावर उडून जात होते. बिनपंख्याला ही सोय नाही. त्याचं सगळं जग म्हणजे पायाखालचा तेवढाच तुकडा.

उसातली बेटं

आता म्हणाल, शिरूर-दौंडला कुठून आले डोंगरमाथे? दौंडकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. यवतच्या आसपास उजवीकडे भुलेश्वरची डोंगररांग दिसते. बाकी खाली मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यावर वाढलेला ऊस. शिरूरकडे कालवे, रांजणगावची एमआयडीसी, प्लॉटिंगचे बोर्ड. या सगळ्याच्या मधेमधे गवताळ माळाचे तुकडे उरलेत. एक वीत उडी मारणाऱ्या जिवासाठी कालवा म्हणजे समुद्र आणि चौपदरी रस्ता म्हणजे खोल दरीच. आपण सपाटीवरसुद्धा डोंगरमाथे तयार केलेत. फक्त निसर्गाला त्यासाठी हजारो वर्षं लागली आणि आपल्याला दोन-तीन पिढ्या.

त्यातही गंमत अशी, की उरलेला तुकडा आपण 'वाचवायला' जातो, तोही झाडं लावून! गवताळ माळ हा मेलेल्या जंगलाचा उरलेला भाग नाही. कमी पावसाच्या या पट्ट्यात तो स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे. सुप्याजवळचं ५.१४ चौरस किलोमीटरचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारासाठी आहे, ते याच प्रकारच्या माळावर. लांडगा, धाविक, चंडोल, सगळे या उघड्या गवतातले. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो माळढोकसुद्धा नाकतोडे खाऊनच वाढायचा. तिथं चर खणले, गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं दाटीनं लावली, की सावली पडते, गवत जातं. मग गवतासोबत कोण कोण जातं, याची नोंद कुणाच्याच रजिस्टरमध्ये नसते. आपल्या रजिस्टरमध्ये फक्त 'लावलेली रोपं' असतात.

आमच्या घरी हे बोलले तेव्हा काका म्हणाले, "अगं, ज्वारी खाणारा किडा तो. गेला तर बरंच की!" काका शेतकरी आहेत, त्यांचं चुकत नाही. रानात कीड झाली तर बंदोबस्त करावाच लागतो, आणि खोल नांगरटीनं अंडी उघडी पडून तो होतोही. पण पीक खाणाऱ्या जाती मोजक्या. माळावर गवत खाऊन पाखरांच्या पोटात जाणारे नाकतोडे त्याहून कितीतरी जास्त. दोन-चार गुन्हेगारांसाठी अख्खी वस्ती उठवायची का, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी झाडांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर मेसेज येतील. गावठाणात लावा, रस्त्याच्या कडेला लावा, बांधावर बाभूळ-कडुनिंब लावा, कॉलेजच्या पार्किंगमध्ये तर नक्की लावा. फक्त पुढच्या वेळी तुमच्या ग्रुपला कुणी 'ओसाड माळ हिरवा करायचाय' म्हणून बोलावलं, तर एक प्रश्न विचारा: आधी इथं कोण राहतं, ते कुणी बघितलंय का? नसेल, तर आपणच बघू. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत कमरेला लागतं आणि नाकतोडे मोठे झालेले असतात तेव्हा, एक सकाळ काढा. खाली बसा. मोबाइलवर फोटो काढा, आयनॅचरलिस्टवर टाका. नाव माहीत नसलं तरी चालतं, तिथं ओळखून देणारे लोक असतात. कुदळ न मारता केलेलं हे कामही एनएसएसच्या तासांत धरायला हवं, असं मला वाटतं.

आम्ही लावलेली रोपं बघायला मी पुढच्या उन्हाळ्यात गेले होते. बहुतेक वाळून गेली होती. खड्डे मात्र तसेच होते, आणि त्यांच्या भोवती गवत अजून आलं नव्हतं.