दिवेलागणीची प्रार्थना

मराठी ख्रिस्ती कुटुंबाचा धर्म चर्चमध्ये दिसतो, पण मुरतो तो घरात. रविवारची उपासना तास-दीड तासात आटोपते. उरलेला आठवडा निभावतो तो दिवेलागणीनंतर घरातली माणसे एकत्र बसून करतात त्या प्रार्थनेवर. तिला पाद्री लागत नाही, ठरावीक पोशाख लागत नाही. महाराष्ट्रात तिच्या दोन ठळक रीती आहेत: वसई-मुंबईच्या कॅथलिक घरांतली जपमाळ, आणि नगर जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत पसरलेल्या प्रॉटेस्टंट घरांतले शास्त्रवाचन व गायन. देव एकच, येशू एकच; तरी एका घरातल्या माणसाला दुसऱ्या घरातली प्रार्थना पहिल्यांदा परकीच वाटते.

जपमाळेची रीत जुनी. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यामागोमाग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू आले, आणि त्यांच्याबरोबर ही माळही आली. वसईकर तिला सरसकट ‘रोजरी’ म्हणतात. बैठकीच्या खोलीत भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली मारियामातेची मूर्ती, एखादी मेणबत्ती किंवा छोटा विजेचा दिवा, एवढीच वेदी. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच गट असतात. प्रत्येक मण्यावर मारियेची प्रार्थना, गटांच्या मध्ये प्रभूने शिकवलेली प्रार्थना, आणि प्रत्येक गटाला येशूच्या नाहीतर मारियेच्या चरित्रातला एक प्रसंग चिंतनासाठी. हे प्रसंग वारानुसार बदलतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाचे, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, बुधवारी आणि रविवारी गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप दुसरे जॉन पॉल यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये सुचवले. शतकानुशतके ठरून गेलेल्या प्रार्थनेत अशी भर पडणे ही मोठी गोष्ट होती. तरीही काही घरांतली वडीलधारी माणसे गुरुवारी अजून जुनेच प्रसंग म्हणतात आणि त्यांना कोणी अडवत नाही.

सगळी माळ वीसेक मिनिटांत होते. एकजण अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे उरलेली अर्धी पुरी करतात. पाच गट पाचजणांत वाटले जातात, त्यामुळे शाळेत न जाणाऱ्या मुलालाही आपल्या वाट्याचे दहा मणी सांभाळावे लागतात. मूल डुलक्या घेते, मोजणी चुकते, कोणीतरी कोपराने ढोसते. रोजरीच्या आठवणी सांगताना वसईचे लोक भक्तीपेक्षा याच गमती जास्त सांगतात. माळेनंतर मारियेची लितानी म्हणजे विनवण्यांची मालिका, आजारी शेजाऱ्यासाठी आणि घरातल्या मृतांसाठी एकेक प्रार्थना, आणि शेवटी मुले थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद घेतात. ऑक्टोबर हा रोजरीचा महिना. त्याचे मूळ १५७१ सालच्या लेपांतोच्या आरमारी लढाईत आहे. ख्रिस्ती आरमाराला तो विजय जपमाळेमुळे मिळाला अशी पोप पाचवे पायस यांची श्रद्धा होती. वसईच्या आजीबाईंना लेपांतो ठाऊक असण्याचे कारण नाही, ऑक्टोबर मात्र त्या चुकवत नाहीत.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्तेबरोबर परदेशी धर्मगुरूंचाही आधार गेला, चर्चचे वैभव ओसरले. ख्रिस्ती वस्ती मात्र राहिली. याचे श्रेय त्या काळात धर्मसेवा करणाऱ्या देशी पाद्र्यांना दिले जाते आणि ते रास्त आहे. पण पाद्री गावात महिन्यातून एकदा येत असेल, तर बाकीचे दिवस धर्म कोणी सांभाळला, या प्रश्नाला घर हेच उत्तर आहे. चर्चमधली मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत लॅटिनमध्येच होत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्रात लोकभाषांना वाट करून दिली, तेव्हा कुठे वेदीवरून मराठी ऐकू येऊ लागली. त्याआधी ‘सुवार्ता’ हे मराठी ख्रिस्ती मासिक १९५५ पासून वसईच्या घरांत जाऊ लागले होते. पुढे त्याचे संपादक झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

घराची वेदी कधी अंगणातही येते. वसईत आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत घरापुढे किंवा गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. मुंबईतले काही १८९६ च्या प्लेगच्या साथीशी जोडलेले आहेत. साथ टळावी म्हणून किंवा टळली म्हणून ते उभारले गेले. मे महिन्यात क्रुसाला रंग देतात, फुलांच्या माळा घालतात, आळीतली माणसे संध्याकाळी तिथे जमून रोजरी म्हणतात आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. प्रार्थनेपेक्षा चण्यांची ओढ मोठी असते ही मुलांबद्दलची तक्रार बहुधा क्रुसाइतकीच जुनी असावी.

नगरकडची रीत वेगळ्या मुशीतली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये मिशनने अहमदनगरला ठाणे उघडले. या घरांत मूर्ती नाही, माळ नाही, मेणबत्तीही बहुधा नाही. भिंतीवर शास्त्रातले एखादे वचन आणि मेजावर पवित्र शास्त्र. जेवणापूर्वी किंवा नंतर एक अध्याय वाचायचा, मुलांना एखादे वचन पाठ म्हणायला लावायचे, एक गीत गायचे आणि मग कोणीतरी स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. या रीतीचा सगळा भर त्या ‘स्वतःच्या शब्दांत’वर आहे. कर्जाचा हप्ता, मुलीची परीक्षा, विहिरीचे पाणी, सासूचा गुडघा, सगळे त्या प्रार्थनेत येते. कधीकधी घरातल्यांना ऐकवण्याचे टोमणेही देवाच्या नावाने ऐकवले जातात. डोळे मिटलेले असल्यामुळे उत्तर देता येत नाही.

या रीतीसाठी प्रत्येकाला वाचता येणे भागच होते. म्हणून मिशनच्या शाळा आणि घरची उपासना ही एकाच कामाची दोन अंगे ठरली. ज्यांच्या वाडवडिलांना अक्षरापासून दूर ठेवले होते अशा महार-मांग कुटुंबांत दिवेलागणीला बाई मोठ्याने पुस्तक वाचते आणि पुरुष ऐकतो, हे दृश्य एकोणिसाव्या शतकात क्रांतिकारकच म्हटले पाहिजे. मराठी नवा करार १८११ मध्ये सेरामपूरला विल्यम कॅरींच्या देखरेखीखाली छापला गेला होता. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीसाठी पंडिता रमाबाईंनी उतारवयात मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ती मिशनने प्रसिद्ध केले.

गाण्याची कथा आणखी रंजक आहे. मिशनऱ्यांनी विलायती चाली आणल्या. मंडळीने त्या शिकल्या, गायल्या, पण घरात त्या फारशा रुळल्या नाहीत. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी देशी चालींत पदे रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळकांनी हा धागा अभंगापर्यंत नेला. तबला, पेटी, झांजा यांच्या साथीने म्हटली जाणारी त्यांची गीते ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आजही मोठ्या संख्येने आहेत, आणि कितीतरी घरांत पुस्तक न उघडताच म्हटली जातात. टिळकांच्या कवितेची थोरवी समीक्षकांनी सांगितली आहेच; पण कवी रोज रात्री जेवणाच्या वेळी गायला जावा, हा मान मराठीत संतांखेरीज फार थोड्यांच्या वाट्याला आला.

सणवारांत दोन्ही परंपरा जवळ येतात. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो. कॅथलिक घरांत शुक्रवारी मांस वर्ज्य, काही घरांत चाळीस दिवस दारूही वर्ज्य आणि लग्ने पुढे ढकललेली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर तीन तासांची उपासना. नाताळच्या फराळात नगरकडे करंज्या, शंकरपाळ्या. वसई-मुंबईकडे कुलकुल आणि न्यूऱ्या.

मृत्यूच्या वेळी मात्र फरक स्पष्ट होतो. कॅथलिक कुटुंब मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करते, सातव्या दिवशी मिस्सा वाहते, २ नोव्हेंबरला कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजवते. प्रॉटेस्टंट कुटुंब मृताला देवाच्या हाती सोपवून मोकळे होते आणि मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी प्रार्थना करते. नवरा एका परंपरेतला आणि बायको दुसरीतली, अशा घरात वडील गेल्यावर ‘बाबांसाठी प्रार्थना करायची की आईसाठी’ हा प्रश्न खरोखर पडतो. बहुतेक घरे दोन्ही करतात. धर्मशास्त्र्यांना ते रुचेलच असे नाही.

व्यक्तीचा विश्वास आणि कुटुंबाची रीत यांतला ताण मराठीत सर्वांत प्रांजळपणे मांडला तो नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो संसाराचा अंत होता. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या परत आल्या, पण आपले सोवळे घेऊन: स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून हे भागाभागाने आले) त्या सांगतात तो पालट प्रवचनाने घडला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडवला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी प्यायला सुरुवात केली. पाणी आधी, बाप्तिस्मा नंतर. तो १९०० मध्ये. टिळकांनी या काळात घाई केली नाही, हे त्यांच्या तापट स्वभावाकडे पाहता विशेषच. पुढे टिळक स्वतः संस्थेच्या चौकटीत मावेनासे झाले आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही बसू शकत. त्यांच्या घरात काही काळ हेच घडले होते.

आजच्या घरांत हा ताण आंतरधर्मीय लग्नात दिसतो. कॅथलिक चर्चने १९७० मध्ये मिश्र विवाहाचे नियम सैल केले. कॅथलिक जोडीदाराने मुलांना कॅथलिक वळण देण्याचा आपल्याकडून पूर्ण प्रयत्न करीन असे वचन द्यायचे. दुसऱ्याकडून वचन घेतले जात नाही, त्याला फक्त कल्पना दिली जाते. कागदावर हे समजूतदारपणाचे आहे. प्रत्यक्षात मुलाला माळ कोण शिकवते यावर निकाल लागतो, आणि ते काम बहुधा आजीकडे जाते.

दुसरा ताण सरकारी कागदाचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. गावात जातीची वागणूक तीच, सवलत मात्र नाही. त्यामुळे नगर-मराठवाड्याकडे कागदावर एक धर्म आणि दिवेलागणीला दुसरा, अशी घरे आढळतात. त्यांना दुटप्पी म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. दाखल्यावर ज्याची नोंद नाही ती प्रार्थना ते कुठल्याही लाभाविना करतात.

या प्रार्थनेपुढची आजची अडचण श्रद्धेची नाही, वेळेची आहे. विरार लोकलने परतणारा माणूस नऊला घरात शिरतो, मुले शिकवणीहून साडेनऊला. सातची रोजरी दहाला जाते, मग शनिवार-रविवारवर. कोरोनाच्या टाळेबंदीत सारे घरी सापडल्यावर चित्र पालटले. १२ एप्रिल २०२० चा ईस्टर चर्च बंद असताना आला, आणि त्या दिवशी जी काही उपासना झाली ती बैठकीच्या खोलीत, पडद्यावर मिस्सा नाहीतर संदेश लावून. विसरत चाललेली माळ कितीतरी घरांत तेव्हा पुन्हा हातात आली. सगळीकडे टिकली असे मात्र नाही.

दुसरी अडचण लिपीची, आणि तिच्यावर उपाय आहे. इंग्रजी माध्यमातली मुले गीते कानाने शिकतात, पण ‘उपासना संगीत’ उघडून पुढचे कडवे त्यांना सहज वाचता येत नाही. शास्त्राचा अध्याय वाचायची पाळी आली की ती इंग्रजी प्रत मागतात आणि आजीला त्यातले काही समजत नाही. एकाच प्रार्थनेत बसलेल्या दोन पिढ्या अशा तुटतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या शब्बाथशाळांनी आणि कॅथलिक धर्मग्रामांतल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांनी आठवड्यातला अर्धा तास देवनागरी वाचनाला द्यावा. पुस्तके घरात आहेत, शिकवायला आज्या आहेत. वर्ग तेवढा सुरू करायचा आहे.