वॉल अर्धा बंद केला तर?

परवा शनिवारी आजोळी गेलो होतो, खुटबावला. पुण्याहून दौंडकडे जाताना यवत सोडलं की पुढचं स्टेशन. धाकटा मामेभाऊ मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये चांगले मार्क पडलेत, त्यामुळे घरात त्याला आतापासूनच 'इंजिनियर' म्हणतात.

दुपारी थ्री फेज लाईट आली तसे विहिरीवर गेलो. ५ हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक मोटर, पेटीवर अँपिअरचा काटा, डिलिव्हरीच्या पाइपावर वॉल (व्हॉल्व्हला तिकडे वॉलच म्हणतात). सहज विचारलं, "हा वॉल अर्धा बंद केला तर काटा वर जाईल की खाली?"

"वर!" मामा आणि इंजिनियर, दोघंही एकदम. "पाणी अडवल्यावर मोटरला जोर जास्त लागणार ना दादा!"

म्हटलं, आकडा सांग. काटा साडेसातवर होता, तो म्हणाला नऊ होईल. वॉल फिरवला. काटा सहावर आला. उघडला, पुन्हा साडेसात. तीनदा केलं. मामा म्हणाले, मीटर बिघडलाय.

इंजिनियर मात्र गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, हा कर्व्ह मी पेपरात काढलाय."

नुसता काढला नव्हता, कॉलेजात प्रॅक्टिकलही केलं होतं. वॉल थोडा थोडा बंद करायचा आणि एनर्जी मीटरच्या १० फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते लिहायचं. वॉल बंद होत जाईल तसे सेकंद वाढतात, म्हणजे वीज कमी लागते. हे त्याने स्वतःच्या हाताने जर्नलमध्ये लिहिलं होतं. सही मिळाली, मार्क मिळाले, आणि डोक्यातली समजूत जागच्या जागी!

कारण तसं साधं आहे. सेंट्रिफ्युगल पंपात वॉल आवळला की दाब थोडा वाढतो, पण पंखा जे पाणी फेकतो तेच कमी होतं, म्हणून मोटरचं काम हलकं होतं. (म्हणून वॉल पूर्ण बंद करून पंप चालू ठेवू नका. आतलं पाणी तापतं, सील जातं.) फवारणीच्या पिस्टन पंपाचं मात्र उलट आहे. तिथे वाट अडवली की लोड खरोखरच वाढतो. म्हणजे पोराची समजूत मूर्खपणाची नव्हती, अनुभवातूनच आलेली होती. फक्त भलत्या ठिकाणी लावलेली.

आता मामांचा चेहरा बदलला. मागच्या पावसाळ्यानंतर विहीर काठोकाठ भरली होती. मोटरला आराम मिळावा म्हणून त्यांनी पाइपलाइन सोडवून पाणी विहिरीजवळच मोकळं सोडलं होतं. चार दिवसांत कॉइल जळाली. व्होल्टेजचाही दोष असेल, शपथेवर काही सांगता येत नाही. पण चढ कमी, वाट मोकळी, म्हणजे पाणी जास्त आणि अँपिअरही जास्त. ज्याला आपण आराम समजत होतो तोच लोड होता.

माझं म्हणणं एवढंच आहे: चुकीची समजूत बरोबर उत्तर सांगून जात नाही. ती रिकामी जागा नसते, तिथे आधीच कोणीतरी बसलेलं असतं. विद्यार्थ्याने आधी स्वतःचा अंदाज बोलून दाखवायचा, मग मोजायचं, मग फरक का पडला ते त्यानेच शोधायचं. नुसतं 'हाताने करा' एवढ्याने भागत नाही. आपली प्रॅक्टिकल्स हातानेच होतात की! सीनियरच्या जर्नलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे अंदाज करायची वेळच येत नाही.

अमेरिकेत रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६,००० हून जास्त विद्यार्थ्यांच्या फिजिक्सच्या संकल्पना-चाचण्या तपासल्या. ज्या वर्गांत मुलं स्वतः विचार करून एकमेकांशी वाद घालत होती, तिथली सरासरी प्रगती नुसत्या लेक्चरच्या वर्गांपेक्षा दुपटीच्या आसपास होती. आणि एवढं लांब कशाला? शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो काम करता करता शिकण्यासाठीच.

"मग सिलॅबस कधी संपवायचा?" हा प्राध्यापकांचा प्रश्न खोटा नाही. पण सगळंच असं शिकवा असं कोण म्हणतंय? एका विषयात अशा हट्टी समजुती पाच-सहा असतील. प्रत्येकीला १५ मिनिटं द्या. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंगच्या आधी 'माझा अंदाज' असा एक रकाना टाका, आणि चुकलेल्या अंदाजाचे मार्क कापू नका. याला ना पैसे लागतात ना नवी मशिनरी.

मी स्वतःही काही वेगळं करत नव्हतो. ऑफिसात नव्या मुलांना स्लाइड दाखवून 'थ्रेड वाढवले म्हणजे प्रोग्रॅम वेगवान होतोच असं नाही' असं सांगायचो. सगळे माना डोलवायचे आणि आठवड्याभरात कोडमध्ये थ्रेड वाढवून ठेवायचे! आता आधी विचारतो, किती सेकंद लागतील? मग चालवून बघतो.

असो. रविवारी संध्याकाळी स्टेशनवर सोडायला आला तेव्हा पोराने विचारलं, "दादा, बोअरच्या सबमर्सिबललाही असंच होतं का रे?"

उत्तर ओठांवर आलं होतं. गिळलं, आणि म्हटलं, "तुला काय वाटतं? आकडा सांग आधी."