मावशींचे आडनाव विचारू नका

घरातले कोणी अंथरुणाला खिळले की पेशंट सांभाळायला मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला आपण फोन लावतो. बारा तासांची ड्यूटी हवी की चोवीस, पेशंट चालता आहे की पडून, डायपर लावावा लागतो का, नळीने भरवावे लागते का, हे प्रश्न होतात आणि ते व्हायलाच हवेत. मग आवाज थोडा खाली येतो. "बाई कुठली आहे? म्हणजे, आडनाव काय?" काही जण तेवढाही आडपडदा ठेवत नाहीत, "आमच्यातली असेल तर पाठवा" असे सरळ सांगतात.

हा प्रश्न आजपासून विचारू नका, एवढ्यासाठी हे आवाहन आहे. जो विचारत असेल त्याला तिथेच थांबवा, मग तो भाऊ असो, नणंद असो, शेजारी असो.

या मावशींचे काम काय असते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. रात्री दोन वाजता ओली चादर बदलायची. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. शी-शू काढायची, अंग पुसायचे, तोंडातली लाळ टिपायची. हे सगळे करणारा हात आपल्याला चालतो. त्याच हाताने भरलेला पाण्याचा तांब्या मात्र कितीतरी घरांत चालत नाही. कप वेगळा, ताट वेगळे, ते विसळून ठेवायची जागा गॅलरीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचे, आत नाही. देहाची सर्वांत खासगी सेवा जिच्या हाती सोपवली, तिची सावली ओट्यावर नको, ही शिवाशिव आहे. तिला स्वच्छतेचे नाव देऊ नका. स्वच्छतेसाठी हात धुतले की पुरते, त्याला आडनाव लागत नाही.

संडासाबद्दल तर कोणी बोलतच नाही. बारा तास घरात राहणाऱ्या बाईने खाली पार्किंगमध्ये वॉचमनसाठी असलेल्या संडासात जायचे, असा कितीतरी घरांचा नियम असतो. पेशंटला एकटे टाकून खाली जाता येत नाही, म्हणून ती पाणीच कमी पिते. पेशंटने किती मिली पाणी घेतले आणि किती लघवी झाली याची वही लिहिणारी बाई स्वतः दिवसभर तहान मारते. ज्या घरात हे चालू असेल, तिथे आज संध्याकाळपर्यंत ते बंद झाले पाहिजे. यासाठी कोणतीही बैठक, कोणताही विचारविनिमय लागत नाही.

2017 च्या सप्टेंबरात पुण्यात एका उच्चशिक्षित बाईंनी घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत फिर्याद दिली होती. नाव आणि जात खोटी सांगून सोवळे मोडले, हा आरोप. राज्यभर चर्चा झाली, निषेध झाला आणि फिर्याद मागे घेतली गेली. पण ज्या भीतीमुळे बायका नाव बदलून काम धरतात, ती भीती काही मागे गेली नाही. मुसलमान, ख्रिस्ती, दलित बायका आजही दुसरे नाव सांगून पेशंटच्या उशाशी बसतात. यात धोका पेशंटलाही आहे. आपले खरे नाव सांगण्याची जिथे तिला भीती वाटते, तिथे आजी बाथरूममध्ये घसरल्या, औषधाचा एक डोस चुकला, हे ती लगेच आणि न घाबरता सांगेल का? शुश्रूषा विश्वासावर चालते. आपण पहिल्याच फोनवर तो विश्वास मोडून टाकतो.

कायद्याकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण जातीवरून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला नसेल, घराच्या चार भिंतींत झाला असेल, तर अत्याचार कायद्याचे ते कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मधल्या एका निकालात सांगितले. मावशींची ड्यूटी तर चार भिंतींतच असते. त्यांच्या बाजूने साक्ष देईल असे तिथे कोण असते? अंथरुणावरचा पेशंट आणि आपण.

घरकामगारांसाठी महाराष्ट्राने 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा केला, हे आपल्या राज्याचे चांगले पाऊल. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2011 साली झाला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. घरकामगारांसाठी देशभराचा कायदा करता येईल का हे तपासायला समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी केंद्र सरकारला सांगितले. तो कायदा यायलाच हवा. पण आज रात्री आठ वाजता ड्यूटीवर येणाऱ्या बाईला त्याची वाट पाहायला सांगणे अन्याय आहे.

3 ऑक्टोबर 2024 चा आणखी एक निकाल प्रत्येक घरात वाचला जावा असे वाटते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. वरच्या मानलेल्या जातीच्या कैद्याला स्वयंपाक, खालच्या मानलेल्याला झाडलोट, असे तुरुंगांच्या नियमपुस्तकांतच लिहिलेले होते. आता आपल्या घरातली वाटणी आठवून पाहा. स्वयंपाकाला कोण, संडास-बाथरूमला कोण, पेशंटच्या डायपरला कोण. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला जो न्याय मिळाला, तो आपल्या घरात कष्ट करायला येणाऱ्या बाईलाही मिळाला पाहिजे.

"आम्ही नाही हो मानत, पण आईला चालत नाही." हे वाक्य ब्युरोवाल्यांनी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. पुष्कळदा आईला विचारलेलेही नसते. आणि समजा तिला खरोखरच चालत नसले, तरी फोन आपण करतो, पैसे आपण देतो, निर्णय आपला असतो. डॉक्टरांनी मीठ बंद करायला सांगितले की आईने कितीही तोंड वाकडे केले तरी आपण ते बंद करतोच. मग इथेच तिचा शब्द शेवटचा कसा? म्हाताऱ्या माणसांच्या आड लपणे सोडू या. त्यांच्यावरही हा अन्यायच आहे. पंच्याऐंशीव्या वर्षी माणूस बदलत नाही, असे आपण त्यांच्या वतीने ठरवून टाकतो. आठ दिवस एकच हात भरवतो आहे, केस विंचरतो आहे, हे पाहून कडक सोवळ्यातल्या आज्या त्याच मावशींशिवाय घास घेईनाशा होतात. हे पाहिलेली माणसे तुमच्याही नात्यात सापडतील.

सर्वांत अवघड प्रसंग विस्मरणाच्या आजाराचा. आजोबांचा संयम आजाराने जातो, लहानपणी कानावर पडलेली भाषा वर येते आणि एके दिवशी मावशींना जातीवरून शिवी बसते. आजोबांना समजावण्यात फारसा अर्थ नाही, आणि हे मावशींना कळते. या आजाराची माणसे सांभाळलेल्या बायकांना तो आपल्यापेक्षा जास्त कळतो. पण त्या वेळी दारात उभा असलेला मुलगा काय करतो, हे त्या पाहत असतात. "मनावर घेऊ नका" म्हणून तो आत निघून गेला, तर सहन करण्याचे कामही त्याने ड्यूटीत धरले असा त्याचा अर्थ होतो. त्याने पुढे यावे. "बाबा, या घरात असे बोलायचे नाही," हे आजोबांना कळो न कळो, मावशींच्या देखत म्हणावे. मग काही वेळ पेशंटजवळ स्वतः बसावे, मावशींना बाहेर बसून शांतपणे चहा घेऊ द्यावा आणि माफी मागावी. त्यांना ही ड्यूटी सोडायची असेल तर पूर्ण दिवसाचे पैसे देऊन, राग न धरता सोडू द्यावी.

परदेशी राहणाऱ्या मुला-मुलींना इथे वेगळे सांगायचे आहे. पुण्या-नाशिकच्या आई-वडिलांसाठी मावशी ठरवण्याचे काम आता पुष्कळदा तुम्ही तिकडून व्हॉट्सॲपवर करता. तुमच्या कार्यालयात वंश, धर्म, वर्ण यांवरून कोणाला नाकारले तर काय होते, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावावरही कायद्याने बंदी घातली. तिथे स्वतःसाठी जो हक्क तुम्ही गृहीत धरता, तो इथल्या त्या बाईला नाकारू नका. आई-वडिलांशी स्पष्ट बोलायचे बळ तुमच्याकडे आहे. तुमचा शब्द घरात चालतो.

ब्युरो चालवणाऱ्यांनीही थोडे धाडस दाखवावे. जात-धर्म पाहून बाई पाठवणार नाही, हे पहिल्याच फोनवर सांगा. गिऱ्हाईक जाईल ही भीती खरी आहे, पण एका गावातल्या सगळ्या ब्युरोंनी मिळून ठरवले तर जाणार कुठे? वृद्धाश्रम आणि रुग्णालये यांनी आपल्या आया आणि वॉर्डबॉय कुठे जेवतात, हे एकदा जाऊन पाहावे.

बाईला घरात कोणी छेडले, अंगाला हात लावला, तर 2013 च्या कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण आहे. तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. हे तिला माहीत नसेल तर सांगा आणि अर्ज लिहायला मदत करा. घरकामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी कामाचा दाखला मागितला तर हात आखडू नका.

आता तातडीबद्दल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई विधिमंडळात मंजूर झाला होता. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारलाही. तरी तिथल्या चवदार तळ्याचे पाणी दलितांना बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा कागदावरचा हक्क ओंजळीत आला. 20 मार्च 2027 रोजी त्याला शंभर वर्षे होतात. त्या दिवशी भाषणे होतील, पुतळ्यांना हार पडतील. तोपर्यंत मराठी घरांत पाण्याचा एकही वेगळा पेला उरू नये, एवढे आपल्या हातात आहे, कारण हे तळे नगरपालिकेचे नाही, आपल्या स्वयंपाकघरातले आहे.

आणि घराबाहेरचे एक काम. गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत होतात. सभेच्या आधीच सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि तीन गोष्टींचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा: घरकामगार आणि रुग्णसेवकांसाठी लिफ्ट वेगळी असणार नाही, फाटकावर फक्त त्यांचीच पिशवी तपासली जाणार नाही, आणि इमारतीत त्यांच्यासाठी आतून कडी लागणारा, पाणी असलेला स्वच्छ संडास असेल. पत्रावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. विरोध झाला तर मतदान मागा, आणि कोणी काय म्हणाले ते इतिवृत्तात लिहून घ्या.