माफी मिळाली, निवाडा राहिला

ओमानमधल्या सोहारच्या मराठी घरांत 2011 च्या आंदोलनाचा विषय निघाला की गोष्ट जळलेल्या लुलू हायपरमार्केटपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पृथ्वीगोलाच्या चौकात नोकरी आणि पगारवाढ मागायला बसलेल्या ओमानी तरुणांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. या सदराला खुपतं ते हेच.

फेब्रुवारीत कारवाईत माणूस दगावला, मार्चअखेर लष्कराने चौक मोकळा केला, धरपकड झाली. एप्रिलमध्ये सुलतान काबूस यांनी जमाव जमवल्याचा आरोप असलेल्या 234 जणांना माफी दिली. पोरं घरी आली, चांगलंच झालं. पण माफी गुन्हेगाराला देतात. मुळात गुन्हा घडला होता का, हे कोर्टात ठरायचं राहूनच गेलं.

आणि कोर्टात ठरलं तरी काय हाती लागतं? अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे मुंबईचे गिरणी कामगार. 1928 च्या संपात दीड लाखांच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. त्या लढ्यातून गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, उभी राहिली. 20 मार्च 1929 रोजी डांगे, मिरजकर, निंबकर, घाटे यांच्याबरोबर या दोघांनाही उचललं. आरोप कोणता, तर ब्रिटिश बादशहाचं राज्य उलथवण्याचा कट!

खटला मुंबईत चालवला तर ज्यूरी बसवावी लागली असती, आणि ज्यूरीवर सरकारचा भरवसा नव्हता. म्हणून तो दूर मीरतला नेला. मुंबईच्या चाळीतल्या माणसाला तिथे ना ओळखीचा वकील, ना घरचा डबा. 320 साक्षीदार, सरकार पक्षाचे साडेतीन हजारांवर दस्तऐवज, पुराव्याचे 25 छापील खंड. एवढं नुसतं वाचायलाही वकील लावावा लागतो; तो पैसा आरोपींच्या बचाव समितीने जमवायचा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. यांना ती ओढत नेऊन चढवली.

जानेवारी 1933 मध्ये आळवे आणि कासले दोषी ठरले. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अटकेपासून चार वर्षं उलटून गेली होती. डांग्यांची बारा वर्षांची शिक्षा तीनवर आली. त्यांचे सहआरोपी, पुण्याचे ठेंगडी तर निकालापूर्वीच वारले. ते ना दोषींत, ना निर्दोषांत.

उशिरा मिळालेला निवाडा इंग्लंडमध्येही दिसतो: 1972 च्या बांधकाम संपावरून चाललेल्या श्रूजबरी खटल्यातल्या कामगारांच्या शिक्षा मार्च 2021 मध्ये रद्द झाल्या. त्यांतले डेस वॉरन 2004 मध्येच गेले होते. त्या अपिलापर्यंत पोचायला लागलेला पैसा कामगार संघटनांनी वर्षानुवर्षं वर्गण्या काढून उभा केला.