गंगा येते, तशी जातेही

राजापूरजवळच्या उन्हाळे गावी गंगा अवतरते, 14 कुंडे भरतात आणि यथावकाश ती निघूनही जाते. तिला निरोप द्यावा लागत नाही! हल्ली प्रोग्रामरना कामापुरता भाड्याचा संगणक मिळतो, दूरच्या डेटा सेंटरमधला. ॲमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत अशी क्लाउड सेवा सुरू केली. राजापुरात घरी बसलेल्या मुलाच्या साध्या लॅपटॉपवरही पुण्यातल्या सहकाऱ्यासारखीच सगळी जुळणी काही मिनिटांत आपोआप होते. छानच आहे. पण पुष्कळदा उभारणी तेवढी स्वयंचलित असते, आवरणे माणसाच्या आठवणीवर. माणूस शनिवारी लग्नाला जातो. भाड्याचे मीटर चालूच! म्हणून उभारणीच्या आज्ञेतच मोडण्याची वेळ लिहावी. लिहिलेले काम मात्र आधी बाहेर जपून ठेवलेले हवे, नाहीतर आठवड्याची मेहनतही गंगेबरोबर जाईल.