रोजा सोडला की मोडला?

वरंधच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी रोज एसटीने महाडला कॉलेजला जाते. घरात इतकी शिकणारी ती पहिलीच. रमजानमध्ये वर्गात इंग्रजीतून बोलताना ती म्हणाली, ‘आय लेफ्ट माय फास्ट ॲट सनसेट.’ मुलं हसली. तेव्हापासून ती इंग्रजीत तोंडच उघडत नाही. ‘व्याकरण तर बरोबर होतं ना?’ असं आई विचारते.

अगदी बरोबर होतं. चुकली ती शब्दांची संगत. आपण रोजा धरतो, ठेवतो आणि मगरिबला सोडतो. इंग्रजीत ‘फास्ट’ हे नाम ‘कीप’ आणि ‘ब्रेक’ यांच्यासोबत नांदतं. मुलीला ‘ब्रेक’ ठाऊक नव्हता असं नाही, आई लिहिते. पण ब्रेक म्हणजे मोडणं, आणि रोजा मोडला म्हणजे कजा आली! म्हणून तिने तो शब्द मुद्दाम टाळला. आम्हाला तिचं कौतुकच वाटलं. इंग्रजीत मात्र वेळेवर इफ्तार केला तरी ‘ब्रेक’च म्हणतात. सकाळचा ‘ब्रेकफास्ट’ही त्यातूनच आला, रात्रभराचा उपास तेव्हा सुटतो. ‘प्रॉमिस’ची जोडीही हीच: पाळलं तर ‘कीप’, मोडलं तर ‘ब्रेक’.

आपण नमाज पढतो, म्हणून ‘प्रेयर’ला ‘रीड’ लावू नये. ‘ऑफर’ किंवा ‘से’ लावावं. परीक्षा आपण देतो, पण इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. आपल्याकडे ‘गिव्ह’ सर्रास चालतं, पण परदेशातल्या नोकरीच्या अर्जात तसं लिहिलं तर वाचणाऱ्याला तुम्ही शिक्षक वाटाल. आणि वरंध घाटातला पाऊस कितीही जोराचा असला तरी तो ‘हेवी’च, ‘स्ट्राँग’ असतो वारा. चहासुद्धा!

शब्दांच्या या संगतीला ‘कोलोकेशन’ म्हणतात. १९५१ च्या सुमारास हा शब्द भाषाशास्त्रात रुजवणारे जे. आर. फर्थ १९१९ ते १९२८ या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. आपल्या मुलांसारखी वाक्यं त्यांनीही पुष्कळ ऐकली असतील.

तेव्हा वहीत ‘फास्ट म्हणजे रोजा’ एवढंच लिहून थांबू नये. ‘कीप अ फास्ट, ब्रेक अ फास्ट’ अशी जोडी लिहावी. शब्दकोशात अर्थाखालची उदाहरणंही वाचावीत.

मुलीला सांगा, वाक्य असं: ‘आय ब्रोक माय फास्ट ॲट सनसेट.’ आणि हसणाऱ्यांना तिने विचारावं, रोजा ‘सोडला’ आणि ‘मोडला’ यांतला फरक इंग्रजीत एका शब्दात सांगता का?